म्हाळातलं एक जास्तीचं पान

*ताई,*

*मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच आपा म्हणतो, राज्याबाहेरच्या एका तुरुंगात शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. नोकरीत असताना एका फाशीच्या वेळी त्यांची नेमणूक होती. खटका त्यांनी ओढला नाही. कैद्याच्या कोठडीबाहेर रात्रीचा पहारा त्यांचा होता, आणि त्या पहाटे त्याचे पाय बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. हे आम्हाला सासूबाईंकडून कळलेलं. आपा स्वतः एकदाच बोलले, "तो मला रोज क्रिकेटचा स्कोअर विचारायचा."*

*सासूबाई गेल्यापासून आपा रात्री तीनला उठून अंगणात बसतात. संध्याकाळची फेणीही वाढली आहे. दर चवथीला गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी तेच बांधतात. यंदा बसले, पहिल्याच गाठीला हात थांबले, केवणीचा दोर खाली ठेवला आणि "तू बांध" असं मुलाला सांगून उठून गेले. मग पितृपक्षातल्या म्हाळाच्या दिवशी कावळ्यासाठी पानं मांडली, तर एक पान जास्त. कोणाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्याचं कोणी करत नसणार." मला कळलं आणि अंगावर काटा आला. त्या माणसानं एका लहान मुलीचा जीव घेतला होता. मलाही मुलगी आहे. त्याचं पान माझ्या दारात?*

*नवरा म्हणतो, ड्युटी होती, वरचा हुकूम होता, त्यात आपांचं काय चुकलं? उगाच उकरू नको. नववीतला मुलगा शाळेत "आमच्या आजोबांनी फाशी दिलीय" असं सांगून आलाय. पसऱ्यावर, म्हणजे गावातल्या दुकानावर, बसणारे आपांना गमतीनं "जल्लाद" म्हणतात. नणंद म्हणते गोकर्णाला जाऊन नारायणबळी करा. सावंतवाडीचे एक जुने सहकारी फोन करतात, पण आपा उचलत नाहीत. डॉक्टरकडे न्यावं, की गप्प बसावं?*

*— एक सून*

पानाचं आधी बोलते. तुमच्या पत्रात तेच सगळ्यात जास्त टोचलेलं दिसतंय.

ते पान राहू दे. महालयात आईवडील, आजे-पणजे यांच्या पिंडांबरोबर धर्मपिंडही असतो. गुरू, मित्र, शेजारी, घरचा जुना गडी, ज्यांच्यामागे करायला कोणी उरलं नाही असे सगळे त्यात येतात. तुमच्या भटजींना विचारा, ते सांगतील. तिथं मेलेल्याच्या चारित्र्याचा दाखला कोणी मागत नाही. म्हणजे आपांनी जगावेगळं काही काढलेलं नाही. जी सोय आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे, तिच्यात त्यांनी एका माणसाला बसवलं, एवढंच.

तुमच्या अंगावर आलेला काटा खोटा नाही, आणि तो लपवायचंही कारण नाही. पण तुम्हाला वाटतंय की पान ठेवलं म्हणजे त्याला माफ केलं. तसं नाही. माफ करायचा हक्क त्या मुलीचा होता आणि ती उरली नाही. तिच्या आईबापांचा असेल. आपांचा नाही आणि तुमचा तर नाहीच. आपांना हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या माणसानं काय केलंय हे माहीत असूनच त्यांनी त्याच्या कोठडीबाहेर रात्री काढल्या. खुनी होता, हेही खरं आणि संध्याकाळी स्कोअर विचारायचा, हेही खरं. आपांनी दोन्ही इतकी वर्षं एकाच डोक्यात ठेवलंय. तुम्ही आत्ता पहिल्यांदा ठेवताय, म्हणून जड जातंय.

त्या मुलीसाठी काही करावंसं वाटलं तर जरूर करा. गावातल्या शाळेत एखाद्या मुलीचा वर्षभराचा वह्या-पुस्तकांचा खर्च उचला, आणि तो आपांच्या हातून द्या. फक्त "हे करते, मग ते पान काढा" असा सौदा करू नका. पुढच्या म्हाळात हिंमत झाली तर त्या पानावर तुम्हीच वाढा. नाही झाली तर त्यांना वाढू द्या. त्यांना विचारायचं काही नाही.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. "ड्युटी होती, हुकूम होता, आपांचं काय चुकलं?" हे ते मायेनं म्हणतात, यात मला शंका नाही. पण हेच वाक्य आपांना त्या पहाटेपासून सगळेच ऐकवत आले असणार. साहेबांनी ऐकवलं असेल, सोबतच्या शिपायांनी ऐकवलं असेल, स्वतः आपांनीही स्वतःला रोज ऐकवलं असेल. त्यानं काम झालं असतं तर ते तीन वाजता अंगणात बसले नसते.

फाशीची सगळी व्यवस्थाच अशी उभी केलेली आहे की शेवटी ती कोणीच दिलेली नसते. सत्र न्यायाधीश शिक्षा लिहितात, पण उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. आपल्याकडची असली तर ती मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठापुढे जाते. मग सर्वोच्च न्यायालय. मग दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे. मग वॉरंट. दोर आणायचा तो बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगातून, तिथं तो कैदीच वळतात. कैद्याचं वजन घ्यायचं, त्यावरून दोर किती सोडायचा ते ठरवायचं, वाळूचं पोतं टांगून तो तपासायचा. अधीक्षक हजर, दंडाधिकारी हजर, डॉक्टर हजर. प्रत्येकाच्या वाट्याला एक सही किंवा एक काम, आणि प्रत्येकजण खऱ्या अर्थानं म्हणू शकतो की मी फक्त माझं तेवढं केलं. जपानमध्ये तर खाली उघडणाऱ्या फळीची बटणं एकाहून अधिक कर्मचारी एकाच वेळी दाबतात, म्हणजे नक्की कोणाच्या बटणानं फळी सुटली ते कोणालाच कळू नये. गोळ्या घालून शिक्षा देतात तिथं एखाद्या बंदुकीत खोटं काडतूस ठेवायची पद्धत आहे, तीही त्याचसाठी. माणसाला हे सहन होत नाही हे व्यवस्थेला पुरतं माहीत आहे, त्याशिवाय एवढी तजवीज कोण करेल?

एवढ्या सगळ्यांनी वाटून घेतल्यावर आपांच्या वाट्याला काय आलं? दोन पाय आणि एक पट्टा. ते मात्र कागद नव्हते.

ऑसोफस्की, बंडुरा आणि झिम्बार्डो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००५ मधला एक अभ्यास आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या तीन तुरुंगांत मृत्युदंडाशी संबंध येणाऱ्या आणि न येणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं. जे प्रत्यक्ष शिक्षा देणाऱ्या तुकडीत होते त्यांनी मनाला सगळ्यात जास्त बांध घातले होते: कायदा आहे, तो माणूसच तसला होता, मी निमित्तमात्र. जे कैद्याला आणि दोन्हीकडच्या घरच्यांना धीर द्यायचं काम करत, त्यांनी असले बांध नाकारले होते. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की तिथं ही दोन वेगळी कामं होती आणि वेगळी माणसं होती. आपांना दोन्ही करावी लागली. रात्री स्कोअर सांगायचा आणि पहाटे पाय बांधायचे. ज्यानं बांध घातला त्याला निदान बांधाचा आसरा असतो. आपांना तो घालताच आला नसणार, कारण संध्याकाळ झाली की गजांपलीकडून "किती झाले?" असा आवाज यायचा.

नोकरीत असेपर्यंत गणवेश होता, हजेरी होती, दुसऱ्या दिवशीची ड्युटी होती. घरी सासूबाई होत्या, न बोलताही त्यांना सगळं कळत असणार. आता यातलं काही उरलं नाही. म्हणून हे म्हातारपणी आलंय. आजार अचानक उपटलाय असं समजू नका.

आपा एकटेच असे आहेत असंही समजू नका. इंग्लंडमधले आल्बर्ट पिअरपॉइंट हे फाशी देणाऱ्यांच्या घराण्यातले, वडील आणि काका दोघेही त्याच कामातले. १९५० मध्ये त्यांना स्वतःच्याच पबमध्ये येणाऱ्या ओळखीच्या माणसाला फाशी द्यावी लागली. १९५६ मध्ये त्यांनी काम सोडलं आणि १९७४ मध्ये आत्मचरित्रात लिहिलं की या फाश्यांनी एकही खून टळला असं त्यांना वाटत नाही, सूडापलीकडे त्यातून काही साधलं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेरी गिव्हन्स यांनी सतरा वर्षांत ६२ जणांना मृत्युदंड दिला आणि बायकोलाही सांगितलं नव्हतं. पुढे ते या शिक्षेविरुद्ध जाहीरपणे बोलत फिरले. नुसतं बघणाऱ्यांनाही हे सुटत नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात एका कैद्याला विषारी वायूनं मारलं, तेव्हा काचेबाहेर बसलेल्या पत्रकारांची नंतर तपासणी झाली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आपण तिथं नव्हतोच, सगळं लांबून, स्वप्नात घडतंय असं वाटत राहिलं होतं. ते तर फक्त वही-पेन घेऊन गेले होते.

सगळेच मोडतात असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मेरठचे पवन जल्लाद यांना २०२० मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात निर्भया प्रकरणातल्या चौघांच्या फाशीसाठी मुद्दाम बोलावलं गेलं. हे आपलं पिढीजात काम आहे असं ते मुलाखतींत सांगत आले आहेत, आणि त्यांच्या मनात काय आहे ते मी इथं बसून ठरवणार नाही. पण बऱ्याच राज्यांत असा नेमलेला माणूसच नाही. मग हे काम तुरुंगातल्या शिपायाकडे येतं, जो पहारा द्यायला नोकरीला लागलेला असतो.

त्या २० मार्चच्या पहाटे तिहारच्या दाराबाहेर गर्दी होती, लोकांनी मिठाई वाटली. निर्भयाच्या आईवडिलांनी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या ते सगळ्या देशानं पाहिलं, त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. बाहेरच्या पेढ्यांबद्दल मात्र बोलेन. पेढा खाणाऱ्याला त्या दिवशी पट्टा बांधावा लागला नव्हता.

म्हणून यजमानांना सांगा, "त्यात तुमचं काही नव्हतं" हे वाक्य बंद करा. आपांना माहीत आहे की त्यात त्यांचं होतं. ते त्यांच्या हातांना माहीत आहे. आपण "नव्हतं" म्हटलं की ते एकटे पडतात, कारण घरात जे सगळे खरं मानतात ते त्यांना खोटं ठाऊक असतं. त्याऐवजी कधी विषय निघाला, आणि निघालाच तर, एवढं म्हणावं: "आपा, ते तुम्ही केलंत. पण आमच्या सगळ्यांच्या नावानं केलंत. आमच्या वाटचं तुम्हाला करावं लागलं." एवढं म्हणून थांबायचं, पुढे समजूत घालायची नाही. ते उठून गेले तर जाऊ द्यायचं. हे तुम्ही म्हणण्यापेक्षा मुलानं म्हटलेलं बरं. सुनेपुढे सासऱ्याला संकोच असतो, तो मोडायची गरज नाही. मुलाला जमत नसेल तर त्यानं पहाटे तीनला उठून नुसतं अंगणात जाऊन बसावं. मोबाईल घरात ठेवून.

आणि हे फक्त समजुतीसाठी म्हणायचं वाक्य नव्हे. शिक्षा दिली जाते ती सरकारच्या नावानं, आणि सरकार म्हणजे तुम्ही, मी, पसऱ्यावरचे सगळे. माझं मत विचारलंत तर मला फाशी नको वाटते. २०१५ मध्ये विधी आयोगानंही दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकीच्यांसाठी ती रद्द करावी असं सुचवलं होतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, मुलीची आई म्हणून ते तसं असलं तर मला नवल वाटणार नाही. पण ज्यांना फाशी हवी आहे त्यांनी तिच्या हिशेबात आपांसारखी माणसंही धरायला हवीत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीपूर्वी निदान चौदा दिवस द्यायचे, कैद्याला मनाची तयारी करता यावी, घरच्यांना भेटता यावं म्हणून. योग्यच आहे. त्या चौदा दिवसांत दाराबाहेर उभा असतो त्याच्या तयारीचं कोणी बघत नाही.

मुलाचं काय करायचं? त्याला रागावू नका. नववीच्या पोराला वर्गात भाव खायला मिळालं, त्यानं खाल्ला. त्याला बाजूला घेऊन खरं ते सांगा: आजोबांनी फाशी दिली नाही, त्यांनी एका माणसाचे पाय बांधले, आणि त्याआधी रात्री त्याच्याजवळ उभे राहिले. मुलं खरी गोष्ट ऐकून घेतात, अर्धवट गोष्टीचाच ती सिनेमा करतात. त्याला इतिहासात गोडी असेल तर हेही सांगा की पोर्तुगालनं साध्या गुन्ह्यांची फाशी १८६७ मध्ये रद्द केली आणि १८७० मध्ये ते वसाहतींनाही लागू केलं, म्हणजे त्याच्या पणजोबांच्या गोव्यात खुन्यालाही कायद्यानं फाशी नव्हती. ती तरतूद आली मुक्तीनंतर, भारतीय दंडसंहितेबरोबर. यावरून कोणी "पोर्तुगीज बरे होते" म्हणायला लागला तर त्याला १५ ऑगस्ट १९५५ ची आठवण द्या, हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर त्यांनीच गोळ्या झाडल्या. पुस्तकात फाशी नसलेलं राज्यही माणसं मारू शकतं. पोराला एवढं कळलं तर तो वर्गात वेगळ्या गोष्टी सांगेल.

टीव्हीवर कुठल्यातरी खटल्यावरून "फाशी द्या, फाशी द्या" सुरू झालं की आवाज बंद करा. आपांसमोर तरी.

पसऱ्यावरच्या मंडळींना तुमच्या यजमानांनी एकदा तोंडावर सांगावं. भांडण नको, पण हसतहसतही नको. "आपांना त्या नावानं हाक मारायची नाही." गाव लहान आहे, एकदा सांगितलं की पुरतं. त्यातलेच दोघे-तिघे आपांना गोष्ट सांग म्हणून मागे लागत असतील तर त्यांच्यासाठी तेच उत्तर.

माटोळीची सक्ती करू नका, आणि "पुढच्या वर्षी बांधाल हं" असं लाडानंही म्हणू नका. गाठ हातात आली की त्यांना काय दिसतं ते आपल्याला बघायची गरज नाही. माटोळीत बांधण्याशिवाय ढीगभर कामं असतात. आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस, रानातली फळं कुठं मिळतात ते त्यांनाच ठाऊक असणार. नातवाला घेऊन रानात जाऊ दे. गाठी नातवाला शिकवायला आजोबाच हवेत असं काही नाही, बाप आहे की.

डॉक्टरकडे न्या. गप्प बसू नका. झोप गेली आहे, दारू वाढली आहे, बायको गेली आहे. या वयात एवढं पुरेसं कारण आहे, फाशीचं नावही काढायची गरज नाही. "झोप लागत नाही म्हणून दाखवू" असं सांगून न्या, ते खरंच आहे. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे, जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जवळच. त्या इस्पितळाचं नाव काढलं की आपल्याकडे अजून लोक कुजबुजतात, म्हणून आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांपासून तुरुंगाचं लपवू नका. आपा बोलणार नसतील तर तुम्ही चिठ्ठीवर चार ओळी लिहून द्या. अपघातात सापडलेल्या माणसाचं दुःख वेगळं असतं आणि स्वतःच्या हातून झालेल्या गोष्टीचं वेगळं, आणि जाणता डॉक्टर दोघांशी एकसारखं बोलत नाही. गोळीनं झोप येईल, आणि झोप आली की अर्धी कामं सोपी होतात. उरलेलं अर्धं गोळीचं काम नाही. फेणी एकदम तोडायला लावू नका, तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि आपा "आता माझं काय उरलंय", "सुटलो तर बरं" असं बोलायला लागले, पेटीतले कागद काढून वाटायला लागले, तर त्याच दिवशी न्या, सोमवारची वाट बघू नका.

गोकर्णाचं. तुमच्या नणंदेचा हेतू चांगला आहे. आपांना स्वतःला जावंसं वाटलं तर जरूर जा, चार माणसं मिळून जा, येताना समुद्रावर बसा. पण "दोष लागलाय, तो काढून टाकू" असं म्हणून त्यांना ओढत नेऊ नका. तसं नेलंत तर विधी त्यांच्यावरचा आरोप होईल. म्हाळात जे त्यांनी स्वतः, कोणाला न विचारता केलं, ते मला कुठल्याही विधीपेक्षा कमी वाटत नाही. देवळात प्रसाद (कौल) लावायचा असेल तरी तोच नियम: प्रश्न त्यांचा असू दे, तुमचा नको.

सावंतवाडीचे गृहस्थ. या सगळ्या प्रकरणात आपांच्या खालोखाल ज्याला ठाऊक आहे असा तोच एक माणूस असावा, आणि तो फोन करतोय. तोही कदाचित तीनला उठत असेल. आपा फोन उचलत नाहीत कारण उचलला की बोलावं लागेल. मग बोलण्याशिवायचं काहीतरी काढा. पुढचा फोन आला की तुम्ही उचला, स्वतःची ओळख सांगा आणि त्यांना एका रविवारी जेवायला बोलवा. आपांना आदल्या दिवशी सांगा, आधी नको, नाहीतर ते त्या दिवशी शेतावर निघून जातील. आदल्या दिवशी "नको" म्हणालेच, तर मात्र पाहुण्यांना सरळ फोन करून पुढचा दिवस ठरवा. जेवायला काय करायचं ते पाहुण्यांना विचारूनच ठरवा. जेवण झालं की दोघांना पडवीत बसवा आणि घरातल्यांनी आत कामाला लागा. ते क्रिकेटवर बोलले तर क्रिकेटवर बोलू देत.

चार-सहा महिन्यांनी मला आपांची झोप कशी आहे ते कळवा. पसऱ्यावरच्यांचं नाही कळवलंत तरी चालेल.